कोणती दुर्बीण घेऊ? : नवख्यांना मिळणाऱ्या सल्ल्यांचा आढावा

पाऊस ओसरला, ऑक्टोबरचे आकाश धुऊन निघाले, की आकाशदर्शनाच्या कुठल्याही मंडळातल्या माणसाला एक प्रश्न हमखास येऊ लागतो : कोणती दुर्बीण घेऊ? विचारणारा कधी आठवी-नववीतल्या मुलीचा बाप असतो, कधी बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली बाई, कधी पहिला बोनस खात्यात पडलेला इंजिनिअर. प्रश्न एकच, पण उत्तरे चार दिशांनी येतात. दुकानदार म्हणतो, जास्त पट दाखवणारी घ्या. मंडळातला जुना सभासद म्हणतो, आधी बायनॉक्युलर घ्या, बाकीचे नंतर बघू. परदेशी पुस्तके आणि व्हिडिओ पाहून तयार झालेला हौशी सांगतो, परवडेल तेवढा मोठा आरसा घ्या. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवा आवाज आला आहे : डोळा लावायची कटकटच नको, मोबाइलवर फोटो काढून देणारी घ्या.

दुकानदार सोडला तर यातला कोणीही फसवत नाही. प्रत्येकजण स्वतःच्या गच्चीवरून, स्वतःच्या आकाशाखालून बोलत असतो, इतकेच. पण या चारही सल्ल्यांत एक गोष्ट जवळजवळ नेहमी राहून जाते. ती म्हणजे दुर्बीण ज्यावर बसते ते माउंट. माझ्या मते पहिली दुर्बीण घेणाऱ्याने अर्धा विचार त्याचाच करावा. त्याकडे येऊच, आधी दुकानापासून सुरुवात करू.

खोक्यावर छापलेला आकडा कुठून येतो ते पाहण्यासारखे आहे. सर्वांत खपणारी दुर्बीण ६० मिलिमीटर भिंगाची आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची. सोबत ४ मिलिमीटरचा आयपीस आणि तिप्पट करणारी बार्लो लेन्स. ७०० भागिले ४ म्हणजे १७५, गुणिले ३ म्हणजे ५२५. झाले, खोक्यावर शनीच्या रंगीत चित्राशेजारी ५२५ हा आकडा बसला. गणितात खोट काहीच नाही. पण दुर्बिणीत शिरलेला प्रकाश तेवढाच राहतो आणि तो ५२५ पट पसरला की समोर राखाडी धुके उरते. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरांची दुप्पट, ही उपयोगी वर्धनाची ढोबळ मर्यादा धरतात. ६० मिलिमीटरला ती १२० येते. मोठी दुर्बीण असली तरी आपल्याकडची हवा बहुतेक रात्री दीडशे-दोनशे पटींच्या पुढे फारसे काही पदरात पडू देत नाही.

अशी दुर्बीण कोणी आधीच घेऊन बसला असेल तर त्याला हसू नये. वाढदिवसाला मामाने दिलेली असते ती. ४ मिलिमीटरचा आयपीस आणि बार्लो डबीत घालून ठेवायला सांगावे आणि सोबत मिळालेला २० मिलिमीटरचा आयपीस लावायला सांगावा. वर्धन ३५ पट. एवढ्यावर चंद्राची विवरे खणखणीत दिसतात, गुरूचे चार चंद्र एका रेषेत सापडतात, शनीला काहीतरी वेगळेच आहे हे कळते. लग्नात भटजींनी बोट दाखवलेली अरुंधती आणि तिच्याजवळचा वसिष्ठ यांच्याकडे ती वळवावी. अरुंधती तर वेगळी दिसतेच, पण खुद्द वसिष्ठही जोडतारा आहे हे ३५ पटींत कळते, कारण त्याच्या दोन ताऱ्यांत सुमारे १४ विकलांचे अंतर आहे. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र पाहिले तेव्हा त्याच्या दुर्बिणीचे वर्धन वीसेक पट होते आणि भिंग आजच्या या ६० मिलिमीटरपेक्षा लहान आणि कितीतरी हिणकस होते.

दुकानातला दुसरा सापळा जास्त धूर्त आहे, कारण तो जाणकाराच्या भाषेत बोलतो. नळी जेमतेम अर्धा मीटर लांब, आरसा ११४ किंवा १२७ मिलिमीटर, आणि लेबलवर नाभीय अंतर मात्र १००० मिलिमीटर. नळीपेक्षा दुप्पट आकडा आला कुठून? फोकसरच्या पोटात एक जास्तीची लेन्स दडवलेली असते. आरसा घडवायला सोपा म्हणून गोलीय, त्याचा दोष ही लेन्स झाकेल अशी आशा, आणि प्रत्यक्षात बहुतेकदा ती झाकत नाही. वर या लेन्समुळे आरसे जुळवणे, म्हणजे कॉलिमेशन, नवख्याच्या हाताबाहेर जाते. नळीची लांबी आणि लेबलवरचा आकडा यांचा मेळ बसत नसेल तर पुढे जावे. हा नियम आरशाच्या साध्या न्यूटनी दुर्बिणींसाठी. मॅक्सुटोव्हसारख्या दुर्बिणींत प्रकाशाची घडी मुद्दाम घातलेली असते, तिथे आखूड नळी हा दोष नव्हे.

आता बायनॉक्युलरवाले. या पंथाचा मला आदर आहे आणि अर्धी असहमतीही आहे. १० बाय ५० ची चांगली जोडी गळ्यात असली की कृत्तिका उघड्या डोळ्यांना दिसतात त्याच्या कितीतरी पटींनी भरून येतात, पुष्य नक्षत्रातला तो धुरकट डाग फुटून ताऱ्यांचा थवा होतो, आणि काळ्या आकाशात देवयानी दीर्घिकेचा लांबट प्रकाश सापडतो, २५ लाख प्रकाशवर्षांवरचा. मुख्य म्हणजे आकाशाचा नकाशा डोक्यात बसतो. ज्याला शर्मिष्ठेवरून देवयानीकडे कसे जायचे ते ठाऊक नाही, त्याला दुर्बीण नुसती काळोखाकडे रोखलेली नळी वाटते. धूमकेतू आला तर बायनॉक्युलरइतके सोयीचे काही नाही. २०२० मधला निओवाइज आणि २०२४ च्या ऑक्टोबरमधला त्सुचिन्शान-अ‍ॅटलास दोन्ही वेळी हेच दिसले.

असहमती एवढ्यासाठी, की दहा वर्षांच्या मुलाला शनीची कडी पाहायची असते. दहा पटींत ती दिसत नाही. त्याला ‘दोन वर्षे थांब, आधी नक्षत्रे शीक’ म्हणणे म्हणजे पोहायला आलेल्याला आधी पाण्यावर निबंध लिहायला लावणे. शिवाय हात थरथरतात, मान अवघडते, आणि बाप मुलाला दाखवू पाहत असलेला डाग मुलाला दिसतोय की नाही हे कधीच कळत नाही. एकट्या, चिवट, प्रौढ माणसाला बायनॉक्युलर पहिले. घरात मुले असतील तर दुर्बीण पहिली आणि बायनॉक्युलर शेजाऱ्याचे.

मोठ्या आरशाच्या पंथाचा मूळपुरुष जॉन डॉब्सन. १९१५ मध्ये पेकिंगला जन्मलेला, बर्कलीला रसायनशास्त्र शिकलेला हा माणूस १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात, म्हणजे रामकृष्ण संघाच्या शाखेत, संन्यासी म्हणून दाखल झाला. विश्व पाहिल्याशिवाय त्याविषयी बोलायचे कसे, म्हणून जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून त्याने आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्यांत बसवले आणि प्लायवुडच्या पेटीवर डोलवले. रात्री-बेरात्री दुर्बीण घेऊन मोहल्ल्यात फिरण्याच्या या नादापायी १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी सोबत्यांबरोबर त्याने फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवणारी संस्था काढली. आज ‘डॉब’ म्हणून जे विकले जाते ते त्या पेटीचेच रूप. आपल्या वेदान्ताशी दुर्बिणीचा एवढा थेट संबंध दुसरा नसावा.

डॉबच्या बाजूने गणित भक्कम आहे. अंधारात पूर्ण विस्फारलेली बाहुली सुमारे ७ मिलिमीटर. १३० मिलिमीटरचा आरसा तिच्यापेक्षा साडेतीनशे पट प्रकाश गोळा करतो, २०० मिलिमीटरचा आठशे पट. ८ इंची डॉबमधून, काळ्या आकाशात, शौरी तारकासमूहातल्या गोलाकार तारकागुच्छाचे कडेचे तारे सुटे दिसू लागतात. तो क्षण पाहिलेला माणूस परत ६० मिलिमीटरकडे वळत नाही.

पण अमेरिकेतल्या परसदारासाठी लिहिलेला सल्ला ठाण्यातल्या चौथ्या मजल्यावर आणताना जरा थांबायला हवे. ८ इंची डॉबची नळी आणि पेटी मिळून वीसेक किलो भरतात. नळीच सव्वा मीटरच्या आसपास. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही, सोसायटीच्या गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे, आणि गाडी नसेल तर गावाबाहेर न्यायची कशी? या तीनही प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे आहेत त्याने डोळे झाकून ८ इंची घ्यावी. बाकीच्यांना मी १३० किंवा १५० मिलिमीटरची टेबलावर ठेवायची डॉब सुचवतो. ती पोटाशी धरून जिना चढता येतो, स्कूटरवर मागे बसणाऱ्याच्या मांडीवर मावते. घेताना आरसा पॅराबोलिक आहे ना एवढे पाहावे. १३० मिलिमीटर आणि ६५० मिलिमीटर नाभीय अंतर अशा जोडीत गोलीय आरसा चालत नाही. आणि टेबल म्हणजे खरेच मजबूत टेबल. बागेतल्या प्लास्टिकच्या टेबलावर ठेवली तर सगळे मुसळ केरात.

इथे माउंटचा मुद्दा येतो. शंभर पटींत दृश्याबरोबर थरथरही शंभर पट होते. दुकानात तपासायची रीत सोपी : दूरच्या टॉवरचे टोक पकडा, नळीला बोटाने हलकी टिचकी मारा, आणि प्रतिमा स्थिरावायला किती वेळ लागतो ते मोजा. एक-दोन सेकंद ठीक. पाच सेकंद डोलत राहिली तर फोकस करताना प्रत्येक वेळी पाच सेकंद थांबावे लागेल, आणि तेवढ्यात गुरू निसटलेला असेल. कारण आकाशही थांबत नाही. शंभर पटींत साध्या आयपीसच्या दृष्टिक्षेत्रातून ग्रह सुमारे दोन मिनिटांत आरपार निघून जातो. रांगेत दहा मुले उभी असतील तर हे गणित कसे जुळवायचे ते ज्याने दाखवले आहे त्यालाच ठाऊक.

त्यावर उपाय म्हणून विषुववृत्तीय माउंट विकले जाते. एक अक्ष ध्रुवाकडे रोखला की एकच खुंटी फिरवून ग्रह दृष्टीत ठेवता येतो. कल्पना सुंदर. पण स्वस्त दुर्बिणींबरोबर येणारे या जातीचे माउंट किडकिडीत अ‍ॅल्युमिनियमच्या पायांवर उभे असते आणि ते युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांसाठी बेतलेले असते. ध्रुवतारा तिकडे चाळीस-पन्नास अंशांवर, आपल्याकडे पणजीला साडेपंधरा, पुण्याला साडेअठरा, नागपूरला एकवीस. इतक्या खाली अक्ष झुकवला की प्रतिभाराची दांडी कित्येकदा तिपाईच्या पायाला आपटते. ध्रुवतारा मुळात दिसायला हवा. समोरच्या इमारतीच्या मागे तो लपलेला असतो. नवख्याला मान वाकडी करून नळी भलत्याच दिशेला फिरवताना पाहिले की ओळखावे, विषुववृत्तीय माउंट घेतले आहे. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारे साधे माउंट, जड आणि मख्ख, हेच पहिल्या दुर्बिणीला शोभते. घेतलेल्या दुर्बिणीची तिपाई हलत असेल तर पाय पूर्ण आत घालून खुर्चीवर बसून बघा, आणि मध्ये वाळूची पिशवी लटकवा. निम्मा त्रास जातो.

भिंगाच्या दुर्बिणीविषयी थोडक्यात. ७० ते ९० मिलिमीटरची, लांब नळीची दुर्बीण कॉलिमेशन मागत नाही, ट्रंकेत पडून राहिली तरी रुसत नाही. गॅलरीतून फक्त चंद्र आणि ग्रह बघायचे असतील आणि हातात थोडे जास्त पैसे असतील तर ९० किंवा १०२ मिलिमीटरची मॅक्सुटोव्ह फार गोड यंत्र आहे. मुंबईच्या उजेडाचे ग्रहांना काही सोयरसुतक नसते.

आरसा स्वतः घासण्याचा सल्ला आता मागे पडला आहे, तरी त्याचा उल्लेख टाळता येत नाही. पुण्यात आयुकाने भरवलेल्या शिबिरांतून आणि मंडळांच्या खोल्यांतून महाराष्ट्रात पुष्कळ आरसे घासले गेले. दोन काचेच्या चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी; वरची चकती पुढे-मागे करत माणूस पिंपाभोवती हळूहळू फिरतो. काही तासांनी वरची काच खोलगट, खालची फुगीर होते. मग बारीक, अधिक बारीक पूड, शेवटी पिचवर सेरियम ऑक्साइडने पॉलिश. सहा इंची, एफ-८ आरशात गोल आणि पॅराबोला यांतला फरक मिलिमीटरचा सुमारे तीन दशसहस्रांश असतो, आणि तो फूकोच्या कसोटीत एका ब्लेडच्या धारेने आणि छोट्या दिव्याने डोळ्यांना दिसतो. आरशावर क्षणभर अंगठा टेकवा. त्या उबेने काच फुगते, आणि सावलीत टेकाड उभे राहिलेले दिसते. काच निवेपर्यंत ते हळूहळू विरत जाते. हे एकदा पाहावे, पण पैसे वाचवण्यासाठी कोणी आरसा घासायला बसू नये. तयार आरशांच्या किमती उतरल्यापासून तो हिशेब जुळत नाही. घासायचा तर घासण्यासाठी.

स्मार्ट दुर्बिणींबद्दल जुन्या मंडळींत नाके मुरडली जातात. २०२३ मध्ये बाजारात आलेली सीस्टार एस-५० घ्या. भिंग अवघे ५० मिलिमीटरचे, आयपीस नाहीच. दहा-दहा सेकंदांचे फोटो घेऊन ती एकमेकांवर रचते आणि मृगातला तेजोमेघ गुलाबी रंगात मोबाइलवर उमटतो, तोही अंधेरीच्या गच्चीवरून. शहरातून तेजोमेघ आणि दीर्घिका पाहण्याचा याहून बरा मार्ग आज नाही, हे मान्य करायला हवे. गुडघेदुखी असलेल्या आजोबांना आतल्या खोलीत बसून आकाश बघता येते. ग्रहांसाठी मात्र ती कुचकामी आहे, एवढ्या छोट्या नाभीय अंतरात शनी इवलासा येतो. आणि फोटो पाहून मूल ‘भारी!’ म्हणते, पण डॉबला डोळा लावून शनी पाहिलेले मूल विचारते, ‘काका, आत चित्र चिकटवलंय का हो?’ हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. ज्याला फोटोतच गोडी आहे त्याने स्मार्ट घ्यावी, लाजू नये. पण शनीच्या निमित्ताने एक सांगायला हवे : २०२५ च्या मार्चमध्ये त्याची कडी आपल्याला धारेवरून दिसत होती, म्हणजे जवळजवळ दिसेनाशी झाली होती. ती आता वर्षागणिक उघडत चालली आहे. या काळात पहिल्यांदा पाहणाऱ्याने रुंद कडीची अपेक्षा ठेवू नये आणि दुर्बिणीला दोष देऊ नये.

यंत्राइतकाच आकाशाचा विचार हवा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या सुरुवातीला भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ती विदर्भाच्या बाजूने मोठी गोष्ट. मुंबईकर वर्षानुवर्षे वांगणीला जातात. काळ्या आकाशाखालचे ५० मिलिमीटरचे बायनॉक्युलर दादरच्या गच्चीवरच्या ८ इंचीपेक्षा अंधुक गोष्टी जास्त दाखवते. आपल्या अक्षांशाचा एक फायदा परदेशी पुस्तकांत सापडत नाही. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार गुच्छांचा राजा पुण्याहून चोवीस अंशांपर्यंत वर येतो. लंडनवाल्याच्या क्षितिजावर तो कधीच उगवत नाही.

आणि चार महिने पाऊस. कोकणात आणि मुंबईत दुर्बिणीचा खरा शत्रू बुरशी. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे एकदा धरले की कोटिंग खाऊनच जातात. आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावेत, जेल अधूनमधून तापवून पुन्हा घालावी. आरसा मात्र उठसूट पुसू नये. थोडी धूळ प्रतिमेला काही करत नाही, रुमाल करतो.

सूर्याबद्दल सवलत नाही. जुन्या स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायचा ‘सन’ लिहिलेला काळा फिल्टर येतो. तो आजच फोडून टाका. एकवटलेल्या उष्णतेने तो पाहता पाहता तडकतो आणि मागे डोळा असतो. सौर फिल्टर नळीच्या तोंडावर, पूर्ण व्यास झाकणारा, वाऱ्याने उडणार नाही असा घट्ट. आणि फाइंडरवर टोपण.

या सगळ्याच्या आधी करायची गोष्ट फुकट आहे : दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहणे. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, टिळक स्मारक मंदिरात तिचे काम चालते. मुंबईत खगोल मंडळ, हॅलेचा धूमकेतू येत होता त्या काळात सुरू झालेले. पणजीत आकाशमित्रांची वेधशाळा. एका रात्रीत पाच जातींच्या दुर्बिणींना डोळा लावता येतो आणि कुठली उचलायला किती जड हे खांद्यालाही कळते. मंडळातल्यांनाही एक विनंती. नवखा आला की पहिल्या पाच मिनिटांत त्याला नाभीय गुणोत्तर ऐकवू नका. घर कितव्या मजल्यावर, गच्ची मिळते का, सोबत कोण असते, सुट्टी कधी, हे विचारा. मग खिसा विचारा. बायका आणि मुली रात्रीच्या कार्यक्रमांना कमी येतात त्यामागे परतीच्या गाडीची वेळ आणि स्वच्छतागृह ही कारणे असतात, आकाशाची नावड नव्हे. ती सोय करणे हेही मार्गदर्शनातच येते.

मंडळातून जुनी दुर्बीण मिळाली तर उत्तमच. घेताना आरशावर टॉर्च मारून घाबरू नका, त्या उजेडात नवा आरसाही कळकट दिसतो. दिवसा तिरक्या प्रकाशात बघा. अ‍ॅल्युमिनियमचा थर जागोजाग उडाला असेल तर नवा थर द्यायचा खर्च किमतीतून वजा करा. फोकसर दोन्ही बाजूंना फिरवून ढिला आहे का पाहा, भिंगाच्या आत बुरशीचे धागे शोधा, माउंटला टिचकी मारा. आयपीस सव्वा इंची आहेत ना? जुन्या छोट्या मापाचे असतील तर पुढे नवे मिळणार नाहीत. आणि पैसे देण्याआधी मालकाला म्हणा, सप्तमी-अष्टमीच्या चंद्राला बोलवा, एकदा दाखवा, मग ठरवू.